भूकंप थांबला, धसका थांबला काय?

आपत्ती आली म्हणजे आपल्या देशात तीन गोष्टी ठरल्याप्रमाणे घडतात. मेलेल्यांची मोजदाद होते, पडलेल्या घरांचा पंचनामा होतो आणि पुढाऱ्यांचे दौरे निघतात. मोजदाद संपते, धनादेश वाटले जातात, दौरेकरी राजधानीस परततात आणि सरकारदरबारी त्या आपत्तीचे दप्तर बांधून ठेवले जाते. परंतु जो जिवंत राहिला त्याच्या मनाचे काय झाले, हे विचारणारा रकाना पंचनाम्याच्या कागदावर कोठेही नसतो. ज्या गोष्टीला रकाना नाही ती गोष्ट घडलीच नाही, हे कागदी कारभाराचे तत्त्व आहे. आणि ह्या तत्त्वाची झळ पिढ्यान् पिढ्या सोसलेल्या समाजास ते निराळे समजावून सांगण्याची जरुरी नाही. त्या नसलेल्या रकान्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाड्यातील जुनी माणसे अद्याप विसरलेली नाहीत. गणपतीचे विसर्जन आटोपून गावे गाढ निजली होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आदी गावांतील घरे जाड दगडी भिंतींची, मातीच्या गाऱ्यात रचलेली, आणि डोईवर लाकूड-मातीचे अवजड माळवद. उन्हापासून रक्षण करणारे तेच माळवद निजलेल्या माणसांवर कोसळले. आठ ते दहा हजार माणसे प्राणास मुकली. बावन्न गावे होत्याची नव्हती झाली. आईच्या कुशीतले मूल गेले आणि आई राहिली; मूल राहिले आणि आई गेली. कित्येकांना तासन् तास ढिगाऱ्याखाली आपल्याच माणसांचे कण्हणे ऐकत पडून राहावे लागले, आणि ते कण्हणे केव्हा थांबले हेही त्यांनी ऐकले.

पुढे सरकारने जागतिक बँकेचे कर्ज काढून नवी गावे वसविली. त्यांत कोणास केवढे घर मिळावे, हे घरात खाणारी तोंडे किती ह्यावर ठरले नाही. पदरी जमीन किती ह्यावर ठरले. भूमिहीनास व अगदी थोडी जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, त्यावरच्यास ४००, आणि मोठ्या खातेदारास ७५०. भूकंपाने माळवद पाडताना सातबारा पाहिला नव्हता. पुनर्वसनाने तो पाहिला. तरीही घरे उभी राहिली, रस्ते झाले, नळ आले, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. आमचा प्रश्न एवढाच की त्या घरांत राहावयास गेलेल्या माणसांची झोप त्यांना परत मिळाली काय?

हा प्रश्न कवीचा नव्हे, वैद्यकाचा आहे. भूकंपानंतर मानसरोगतज्ज्ञांनी तेथील वाचलेल्या काही माणसांस तपासले, तेव्हा तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांस मनाचा काही ना काही विकार जडल्याचे आढळले, आणि हे निरीक्षण १९९६ साली परदेशातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. ज्ञान होते, ते झोपडीपर्यंत पोचले नाही. आपल्या देशात ज्ञानाची वाट नेहमी ह्याच ठिकाणी अडते.

आपली बोली ह्या दुखण्यास फार पूर्वीपासून ओळखते. "त्याने धसका घेतला," असे आपण म्हणतो. हा धसका जेव्हा महिना उलटला तरी सुटत नाही आणि माणसाचे काम, जेवण, नाती सारे खिळखिळे करून टाकतो, तेव्हा वैद्यकशास्त्र त्यास आघातोत्तर ताणविकार म्हणते. ह्याचेच इंग्रजी नाव पीटीएसडी हे आता मराठी डॉक्टरांच्या तोंडीही रुळले आहे. अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली, व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांची दैना पाहिल्यानंतर, ह्या विकारास आपल्या ग्रंथात स्वतंत्र स्थान दिले. परंतु तो केवळ सैनिकांचा नाही. भूकंप, पूर, दरड, आग, दंगल, बलात्कार, गावगुंडांचा हल्ला, ह्यांपैकी कशातूनही वाचलेल्या माणसास तो गाठू शकतो.

हा विकार ओळखावा कसा? त्याची चार चिन्हे प्रत्येक कुटुंबाने पाठ करून ठेवावीत अशी आहेत.

पहिले चिन्ह असे की घडून गेलेली गोष्ट त्या माणसाच्या लेखी घडून गेलेलीच नसते. ती पुन्हा पुन्हा घडते. झोपेत किंकाळी फुटते. जागेपणी एखादा मालमोटारीचा धडधडाट, भांडे पडल्याचा आवाज, ओल्या मातीचा वास, ह्यांतून सारा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. तो त्यास आठवीत नाही, तो त्यात पुन्हा सापडतो. दुसरे चिन्ह टाळण्याचे. तो माणूस त्या वाटेने जात नाही, त्या घराचे नाव काढीत नाही, मेलेल्यांचा विषय निघाला की उठून जातो. पक्के घर मिळूनही बाहेर ओट्यावर निजतो. तिसरे चिन्ह मनाच्या सुकण्याचे. कशात गोडी नाही, कोणाविषयी माया वाटत नाही, जगावर भरवसा उरत नाही, आणि "मी का वाचलो? मी हात दिला असता तर तो वाचला असता," असा आरोप तो स्वतःवर करीत राहतो. चौथे चिन्ह सदैव सावध राहण्याचे. झोप नाही, जरा आवाज झाला की दचकणे, क्षुल्लक कारणावरून संताप, कामात चित्त न लागणे.

लहान मुले हे सारे शब्दांत सांगू शकत नाहीत. ती सांगतात ती खेळातून आणि शरीरातून. तोच तो घर पाडण्याचा आणि माणसे गाडण्याचा खेळ खेळत बसणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, आईचा पदर क्षणभर न सोडणे, शाळेत एकाएकी मागे पडणे, ही त्यांची भाषा आहे. कर्त्या पुरुषांची आणखी एक भाषा आहे, ती म्हणजे दारूची. भूकंपानंतर अथवा दरडीनंतर कोणी पिऊ लागला, तर गाव त्यास व्यसनी म्हणून मोकळे होते. त्याने झोपेसाठी पहिला घोट घेतला, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपत्तीनंतर रडणे, घाबरणे, काही दिवस अन्न गोड न लागणे, हा रोग नव्हे. तसे झाले नाही तरच नवल. बहुसंख्य माणसे आपल्या माणसांच्या आधाराने काही आठवड्यांत हळूहळू सावरतात. काही मात्र सावरत नाहीत. आणि काहींचे दुखणे तर महिन्यांनंतर, सारे सुरळीत झाले असे वाटत असताना, वर येते. म्हणून प्रत्येक रडणाऱ्यास रोगी ठरवू नये, आणि प्रत्येक गप्प बसणाऱ्यास बरा समजू नये.

आता आम्ही त्या लोकांकडे वळतो, जे ह्या दुखण्याचा इलाज करण्याचा मक्ता घेऊन बसले आहेत.

पहिला मक्तेदार देवऋषी. रात्री किंचाळणारी बाई त्याच्या हाती लागली म्हणजे तिला बाहेरची बाधा झाली, ढिगाऱ्याखाली मेलेली सासू तिच्या अंगात आली, असे तो सांगतो. मग लिंबू, अंगारा, कोंबडे, धुरी, आणि अखेरीस मार. जी बाई आधीच भयाने पिचलेली आहे, तिच्यावर भयाचाच प्रयोग केला जातो, आणि त्याची दक्षिणाही तिच्याच घरून वसूल होते! भूकंपात नवरा गेलेल्या बाईस मिळालेल्या अनुदानाचा वाटा अंगाऱ्यावर खर्च व्हावा, ह्याहून मोठी लूट कोणती?

ह्या मार्गाचा शेवट कोठे होतो तेही सांगतो. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका निवासात मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे आग लागली आणि साखळ्या न तुटल्याने २८ माणसे जागच्या जागी जळून मेली. देऊळ असो वा दर्गा, साखळीला धर्म नसतो. आज मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई आहे. महाराष्ट्रात तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. ज्या डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा केला, त्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि मगच तो कायदा आला. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास बांधणे, मारणे, चटके देणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. एवढी किंमत देऊन मिळालेला कायदा आपल्या घरातल्या पोरीसाठी वापरावयाचा नसेल, तर तो कोणासाठी?

देवऋषीचा एक सुशिक्षित भाऊ आहे. तो अंगारा देत नाही, उपदेश देतो. "गतजन्मीचे भोग आहेत, भोगून संपवावे लागतात," असे तो शांत मुद्रेने सांगतो. हा शांतपणा देवऋषीच्या छडीहून क्रूर आहे, कारण छडी अंगावर बसते आणि हा आरोप अंतःकरणात शिरतो. ज्या आईचे मूल गेले तिलाच तो गुन्हेगार ठरवितो. आपण हा आरोप ओळखला पाहिजे. आपल्या वाडवडिलांच्या दारिद्र्याची आणि अपमानाची कारणमीमांसा ह्याच शब्दांनी केली जात होती. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धांत खोडून काढला तो उगीच नव्हे. ज्यांनी तो आपल्या जन्माविषयी नाकारला, त्यांनी तो शेजारणीच्या दुःखाविषयी स्वीकारावा, हे कोणत्या न्यायाने बसते? माणसे मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि अवजड माळवद ह्यांमुळे. कारण सापडते तेव्हाच उपायही सापडतो. भोग मानला की दोन्ही हरवतात.

दुसरा मक्तेदार शूरत्वाचा. "मर्दासारखा मर्द आणि रडतोस काय? हिंमत धर!" असे सांगणारे काका-मामा प्रत्येक घरात आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण हेतूने जखम भरत नाही. ह्या शूरत्वाच्या कल्पनेने काय केले आहे ते इतिहासास विचारा. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराने थरथर कापणाऱ्या, वाचा गेलेल्या, दिशा विसरलेल्या सैनिकांस भित्रे आणि पळपुटे म्हटले गेले. पलायन, भित्रेपणा अशा आरोपांवरून ब्रिटिश सैन्याने आपल्याच तीनशेहून अधिक शिपायांस गोळ्या घालून ठार केले; त्यांतील कित्येक आघाताने आजारी होते, असे आज मानले जाते. ब्रिटनने त्यांस माफी दिली ती २००६ साली, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांनी. जगातील एका बलाढ्य साम्राज्यास आजार आणि भित्रेपणा ह्यांतील फरक समजण्यास नव्वद वर्षे लागली. आपल्या घरातील मुलास तेवढी वाट पाहावयास लावावयाची काय? मोडलेल्या पायाच्या माणसास "हिंमत धर आणि चाल" असे कोणी म्हणत नाही. मग मोडलेल्या झोपेच्या माणसास ते का म्हणावे?

तिसरा आक्षेप आपल्यातीलच काही कार्यकर्ते घेतील, आणि तो आम्ही गंभीरपणे विचारात घेतो. ते म्हणतील, "आधी भाकरी, मग घर, मग नोकरी. पोट रिकामे असता मनाचे चोचले कशाला?" भाकरी आधी, ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु पक्के घर मिळूनही ज्याची त्यात पाऊल टाकण्याची छाती होत नाही, त्यास घर मिळाले असे म्हणता येईल काय? तीन रात्री न निजलेली मजूर बाई चौथ्या दिवशी कापणीस उभी राहील काय? पोराचे चित्त वर्गात नसेल तर ज्या शिष्यवृत्तीसाठी आपण झगडलो तिचा त्यास काय उपयोग? श्रीमंताच्या मनाचे चोचले पुरवावयास शहरात दवाखाने आहेत. हातावर पोट असणाऱ्याचे मन बिघडले तर त्याचे पोटच बिघडते, कारण त्याच्याजवळ दुसरे भांडवल नाही. मनाचा प्रश्न भाकरीच्या विरुद्ध बाजूस नाही, तो भाकरीच्या पोटातच आहे.

ह्यापुढची गोष्ट आम्हांस अधिक आग्रहाने सांगावयाची आहे. आघात झालेला माणूस सावरेल की नाही, हे केवळ आघात केवढा होता ह्यावर ठरत नाही. आघातानंतर आसपासच्या माणसांनी त्यास आधार दिला की नाही, ह्यावर ते फार मोठ्या प्रमाणात ठरते, असे ह्या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात. हे एकदा मान्य केले म्हणजे मदतीच्या रांगेतला जातिभेद निव्वळ अन्याय उरत नाही, तो रोगाचे कारण ठरतो. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आली. त्यानंतर निवाऱ्याच्या छावण्यांत आणि पाण्याच्या टाक्यांपाशी दलितांस दूर ठेवले गेल्याच्या तक्रारी मानवी हक्कांच्या संघटनांनी नोंदविल्या. समुद्राने सर्वस्व नेलेल्या माणसास वर माणसाने सांगावे की तू ह्या भांड्याला शिवू नको! लाटेचा धक्का एकदाच बसला. हा धक्का रोज सकाळी पाण्याच्या वेळी बसत होता. अशा माणसाचे मन सावरावे तरी कशाच्या बळावर?

आणि त्याच वेळी प्रेते उचलण्यास कोण होते? नगरपालिकांचे सफाई कामगार, बहुतांशी दलित. कुजलेली प्रेते त्यांनी उचलली, तेव्हा कोणास विटाळ झाला नाही. आपत्ती कोणतीही असो, हे काम शेवटी त्याच हातांकडे येते. शेकडो मृतदेह हाताळणाऱ्या माणसास हाच ताणविकार जडू शकतो, हे आता वैद्यकशास्त्र निर्विवाद सांगते. पण त्याची विचारपूस कोण करतो? "त्यांना सवय आहे," असे उत्तर मिळते. सवय! प्रेताची सवय कोणास जन्मतः असते काय? हा शब्द म्हणजे जातिव्यवस्थेने वैद्यकाच्या दारावर लावलेले कुलूप आहे. आपल्या वस्तीतील एखादा सफाई कामगार, रुग्णवाहिकेवरचा अथवा शवागारातला माणूस अलीकडे गप्प झाला असेल, पिऊ लागला असेल, तर त्याच्याजवळ बसणारे पहिले माणूस आपण असले पाहिजे.

कायदा ह्या बाबतीत मुका नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ ह्याचे ६१ वे कलम मदतीच्या कामात लिंग, जात, समुदाय, वंश वा धर्म ह्यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये आपत्तीतील मानसिक आधाराविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमाने सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. म्हणजे भिक्षा मागण्याचा प्रश्नच नाही. जे मागावयाचे ते हक्काने मागावयाचे. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गेले, २२ जुलै २०२१ ला तळिये गेले, १९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीची ठाकर वस्ती गाडली गेली. ह्या प्रत्येक ठिकाणी मागे राहिलेल्यांस दर पावसाळ्यात डोंगराकडे पाहत रात्र काढावी लागते. त्यांच्यासाठी त्या कलमांची अंमलबजावणी किती झाली, हा प्रश्न ग्रामसभेत, तहसील कचेरीत आणि विधानसभेत विचारला गेला पाहिजे. पंचनाम्यात मनाचा रकाना घाला. प्राथमिक आरोग्य केंद्राने आपद्ग्रस्त कुटुंबांची निदान वर्षभर विचारपूस करावी. प्रेते उचलणाऱ्यांची तपासणी बंधनकारक करा. पुनर्वसनात शेजाऱ्यापासून शेजारी तोडू नका. आणि अनाथ मुलास शक्य असेल तोवर नात्यातील मायेच्या माणसापाशी ठेवा. ह्या आमच्या मागण्या आहेत.

मात्र सरकार येईपर्यंत वाट पाहणे हा आपला मार्ग कधीच नव्हता. प्रत्येक कुटुंबास आजपासून करता येण्याजोगे पुष्कळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची जी पद्धत प्रसिद्ध केली, तिचे सार तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडा. आधी पाहावे: तो माणूस सुरक्षित आहे काय, त्यास अन्न, पाणी, पांघरूण मिळाले काय, त्याचे आप्त सापडले काय. मग ऐकावे. ऐकावे म्हणजे त्याचा छडा लावावा असे नव्हे. तो बोलेल तेवढेच ऐकावे, गप्प बसेल तर गप्प बसावे, रडेल तर रडू द्यावे. "तुझ्यापेक्षा अमक्याचे अधिक गेले," असे तोलमाप करू नये. "विसरून जा," असे सांगू नये. आणि मग जोडावे: त्याच्या माणसांशी, त्याच्या हक्काच्या मदतीशी, आणि जरूर तर डॉक्टरांशी.

येथेच त्या बघ्यांचाही समाचार घेणे प्राप्त आहे, जे ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रणाची यंत्रे घेऊन येतात आणि ढिगाऱ्याशेजारी बसलेल्या बाईस "त्या क्षणी तुम्हांला काय वाटले?" असे विचारतात. काही हौशी समाजसेवकही एका दिवसासाठी येतात, सर्वांस एकत्र बसवून सारी हकीकत तपशिलाने वदवून घेतात, आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातात. अशा एकवेळच्या सक्तीच्या कथनाने विकार टळत नाही, उलट काहींचे दुखणे वाढू शकते, असे संशोधनातून दिसून आले आहे. जखम उघडावयाची ती टाके घालण्याची तयारी असलेल्याने, आणि पुन्हा येऊन पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्याने. इतरांनी तिला हात लावू नये. आपल्या घरातील दुःखितास असल्या प्रश्नांपासून वाचविणे हे आपले कर्तव्य आहे, आणि "आम्हांस बोलावयाचे नाही" असे म्हणण्याचा त्यास अधिकार आहे.

घरात दिनक्रम पुन्हा बसवावा: जेवणाची वेळ, निजण्याची वेळ, मुलांची शाळा, झेपेल तेवढे काम. मुलास खोटे सांगू नये. आई गेली असेल तर ती गावाला गेली असे म्हणू नये. साध्या शब्दांत खरे सांगावे, आणि जे घडले त्यात त्याचा काही दोष नव्हता हे पुन्हा पुन्हा सांगावे. वर्षश्राद्धाचे स्तोम सोडलेल्या घरांनीही हे ध्यानात ठेवावे की त्या तारखेस, पहिल्या पावसास, दुखणे पुन्हा उसळी घेते. त्या दिवशी त्या माणसास एकटे सोडू नये.

महिना उलटूनही चार चिन्हे हटली नाहीत, माणूस कामास उभा राहत नाही, दारू वाढली, अथवा "जगून काय करू" असे बोलू लागला, तर एक दिवसही न दवडता डॉक्टरांकडे न्यावे. शेवटचे वाक्य कोणी बोलला तर ते नाटक समजू नये. त्यास सरळ विचारावे, जवळ बसावे, विषारी औषधे आणि दोर दृष्टीआड ठेवावेत. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसास पोलिसांच्या भयाने लपवू नये. तो तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेणे, हे २०१७ च्या कायद्याने सरकारवर बंधनकारक केले आहे. ह्या विकारावर उपचार आहेत. आघातावर केंद्रित अशी बोलण्याची उपचारपद्धती आहे, तिने पुष्कळ माणसे बरी होतात. काहींस औषधांचा उपयोग होतो. मात्र दुकानातून झोपेच्या गोळ्या आणून स्वतःच घेणे हा उपचार नव्हे. त्यांची सवय लागते आणि दुखणे तसेच राहते. जिल्हा रुग्णालयात मानसरोग विभाग कोठे आहे ह्याची चौकशी करून ठेवावी. १४४१६ ह्या टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत बोलता येते, आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर आणि शाळेच्या भिंतीवर ठळक लिहून ठेवावा.

शेवटी, ज्या भयाने पुष्कळ घरे ही दारे ठोठावीत नाहीत त्याविषयी. "वेड्याच्या डॉक्टरकडे नेले म्हणून लोक बोट दाखवितील, पोरीचे लग्न जमणार नाही," असे आया सांगतात. त्यांचे भय खोटे नाही. पण हे बोट कोणाचे आहे? जन्मावरून माणसावर शिक्का मारणाऱ्या समाजाचे ते बोट आहे. आज ते आजारावरून शिक्का मारीत आहे. ज्यांनी पहिला शिक्का पुसून टाकण्यासाठी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास आपला सारा जुना संसार मागे टाकला, त्यांच्या लेकरांनी दुसरा शिक्का आपल्याच हाताने आपल्याच माणसाच्या कपाळी मारावा काय? आपल्या वस्तीत जो रात्री दचकून उठतो त्यास वेडा म्हणू नका, झपाटलेला म्हणू नका, भित्रा म्हणू नका. तो जखमी आहे. जखमी माणसास जे मिळाले पाहिजे ते त्यास मिळवून द्या. आणि जो कोणी ते अडवील, मग तो अंगारा घेऊन येवो, उपदेश घेऊन येवो वा कोरा पंचनामा घेऊन येवो, त्यास दारातच जाब विचारा.